दोनशे पत्रं आणि एकशे नव्याण्णव पाकिटं

पडदेवालीने जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवायचं ठरवलं, आणि त्याची खबर भिंतीपलीकडे लागायला पाच मिनिटंही लागली नाहीत. भिंतीपलीकडे तिच्या दिराचं रंगाचं दुकान होतं. दीर हातातला ब्रश न ठेवताच धावत आला.

"वहिनी, पूर्ण दराने? एकशे सत्त्याऐंशी तिकिटं पूर्ण दराने लावणार तुम्ही?"

"मग काय अर्ध्या दराने लावू? टपालखातं माझ्या माहेरचं आहे का?"

"घाऊक दर असतो!" दिराचा आवाज चिरकला. त्याच्या ब्रशचा एक हिरवा थेंब दारातल्या पायपुसण्यावर पडला. "दोनशे पत्रं एकदम द्यायची, गल्लीवार, घर नंबरवार लावून. दर जवळजवळ निम्मा. साऱ्या जगाला माहीत आहे!"

गंमत म्हणजे पत्रांचा हा सगळा खटाटोप होता तो ह्याच दिराविरुद्ध. त्याला मधली भिंत पाडून रंगाचं दुकान वाढवायचं होतं. पडदेवालीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्यातली चार वर्षं धंद्याला ओहोटीच होती. लोक मोठ्या दुकानात जाऊन तयार पडदे प्लास्टिकच्या पिशवीतून आणू लागले होते. दीर म्हणाला होता, "मी काही दुष्ट नाही. महिनाअखेरपर्यंत दहा ऑर्डरी आणा, भिंतीला बोट लावणार नाही. नाही आल्या तर तुम्ही मागच्या खोलीत बसा. उशांचे अभ्रे शिवा. त्यालाही मागणी असते."

"आणि टेबल?"

"टेबल नेऊ की मागे."

"टेबल बारा फुटी आहे. खोली आठ फुटी."

"मग चार फूट कापू. त्यात काय!"

त्यात काय, असं त्याने सहज म्हटलं. पडदेवालीचं मात्र सगळं त्या टेबलातच होतं. पडद्याचं कापड एका दमात पसरून, एका दमात कापावं लागतं. घडी घालून तुकड्यातुकड्याने कापलं की खालची कड हमखास तिरकी येते, आणि तिरकी कड गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी नाही तर तिसऱ्या दिवशी दिसतेच. टेबल गेलं म्हणजे पडदे गेले. उरले अभ्रे.

तर अशा शत्रूपक्षाचा हा माणूस आता तिच्याच स्टुलावर बसून, तिचीच पेन्सिल घेऊन, तिचाच टपालखर्च वाचवत होता. लढाई हरली तरी चालेल, पण शत्रूचंसुद्धा तिकीट वाया गेलेलं त्याला बघवत नसे.

"एकशे सत्त्याऐंशीला तेरा मिळवा," तो म्हणाला. "दोनशे घाऊक दराने पाठवणं हे एकशे सत्त्याऐंशी पूर्ण दराने पाठवण्यापेक्षा स्वस्त आहे. कोणालाही पाठवा. ह्याच भागातला पत्ता हवा, बस्स."

मग दोघांनी मिळून तेरा पत्ते शोधले. वाचनालय, न्हाव्याचं दुकान, दोन शाळा, पोहण्याचा तलाव, अग्निशमन केंद्र.

"पोहण्याच्या तलावाला पडदे कशाला हो, भावजी?"

"तलावाला नसतील, पण तलावाच्या मॅनेजरला घर असेल की नाही?"

पत्राचा वरचा मजकूर छापून आला. 'स्नेही ग्राहक, आपले पडदे आता वयात आले आहेत,' अशी सुरुवात पडदेवालीने स्वतः लिहिली होती आणि ती तिला फार आवडली होती. प्रत्येकाचं नाव छापायचं तर छापखानेवाला वेगळे पैसे मागत होता, म्हणून नाव नाही. त्याऐवजी खाली मोकळी जागा सोडली होती, आणि तिथे ती प्रत्येक घरासाठी दोन ओळी हाताने लिहिणार होती. मोठ्या दुकानाला हे जमलं नसतं, कारण त्यांच्याकडे तिच्या वह्या नव्हत्या.

त्या वह्यांत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान होतं. कुठल्या खोलीत किती खिडक्या, लांबी-रुंदी, कापड, अस्तर, आणि शेवटी बारीक अक्षरात गिऱ्हाईक काय बोललं ते. ती तोंडाची पक्की होती. पडदेवालीला लोकांच्या झोपायच्या खोलीपर्यंत जावं लागतं. तिथे काय दिसलं ते जिने बाहेर सांगितलं तिला दुसऱ्यांदा कोण घरात घेईल? लोक तिला डॉक्टरसारखं सगळं सांगत, आणि ती डॉक्टरसारखीच कोणालाही कळणार नाही अशा अक्षरात लिहून ठेवी. पत्रात मात्र तिने वळणदार अक्षर काढलं.

तिची स्वतःची पद्धत म्हणजे एक पत्र लिहायचं, घडी घालायची, पाकिटात टाकायचं, पत्ता लिहायचा, मग पुढचं. दिराने पाचव्या पत्रालाच घड्याळ काढलं.

"सात मिनिटं! एका पत्राला सात मिनिटं! अशाने महिनाअखेर पत्रं लिहिण्यातच येईल. एका वेळी एकच काम करायचं असतं, वहिनी. आधी सगळी पत्रं लिहा. मग सगळे पत्ते. मग मी फक्त भरत जातो. उचल, दुमड, सरकव. आई डिंक लावेल."

सासूबाई टेबलाच्या टोकाला ओला स्पंज घेऊन बसल्या. त्यांना काम मिळालं की त्या खूश असत, आणि काम करताना वाचायची त्यांना सवय होती. पाकिटांचा गठ्ठा त्यांच्यापुढून एकदा गेला, पत्रांचा दुसऱ्या बाजूने आला, आणि दीर मध्ये उभा राहून भरू लागला. उचल, दुमड, सरकव. उचल, दुमड, सरकव. चहाच्या आत सगळं संपलं. वेळ निम्म्याहून कमी लागला होता.

आणि टेबलावर एक पत्र उरलं.

"हे कसं उरलं?" पडदेवाली म्हणाली.

"तुम्ही एक जास्त लिहिलं असेल."

"मी मोजून दोनशे लिहिली. भावजी, एखादं पाकीट उघडून बघूया का?"

"डिंक लागलाय!" दीर गठ्ठ्यावर आडवा हात धरून म्हणाला. "उघडलेलं पाकीट म्हणजे वाया गेलेलं पाकीट."

टपाल कचेरीतल्या कारकुनाने मोजली तर पाकिटं एकशे नव्याण्णव निघाली. एका पाकिटापायी घाऊक दर जातोय हे पाहून दिराच्या कपाळावर घाम आला. त्याने तिथल्या तिथे एक पाकीट विकत घेतलं, उरलेलं पत्र त्यात घातलं, आणि वर स्वतःच्याच घरचा पत्ता लिहिला. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"स्वतःलाच पाठवताय?"

"का? आमच्या घराला खिडक्या नाहीत का?" दीर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर पायरीवर एक बाई उभ्याच होत्या. अठरा नंबरच्या घरातल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला चोख. त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि बोट ठेवून वाचलं, "'शेजारच्या बाईंची नजर अडावी म्हणून आपण पडद्यांची जी दुहेरी जाळी लावून घेतलीत, तिला आता नऊ वर्षं झाली.'" मग मान वर केली. "शेजारची बाई म्हणजे मीच ना?"

ते पत्र सोळा नंबरचं होतं.

"नऊ वर्षं!" बँकवाल्या बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं मला वाटतंय, त्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय. इतकी जाळी, इतका काळोख! मी रेडिओ हळू लावत होते हो! दार आपटायची नाही. एकदा तर मांजराला ओरडले, तेसुद्धा हळू आवाजात!"

पडदेवालीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. तेवढ्यात फोन वाजला. निवृत्त न्यायाधीशसाहेब बोलत होते. त्यांना काल दाढदुखीसाठी शेजारच्या दंतवैद्याकडे जावं लागलं होतं. त्यांचं तोंड उघडं असताना, आत आरसा असताना, दंतवैद्य म्हणाले होते, "काय साहेब, न्हाणीघरातली बदकं मजेत ना?"

"मला उत्तर देता येत नव्हतं," न्यायाधीश म्हणाले. "ह्याचा खुलासा तुम्ही करावा." आणि फोन ठेवला.

पडदेवालीने वह्या काढल्या, यादी काढली. दर निम्मा व्हावा म्हणून पत्रं घर नंबरवार लावलेली होती. त्यामुळे मध्ये एक पाकीट गळल्यावर जे पत्र सरकलं, ते नेमकं शेजाऱ्याकडेच सरकलं. पुढचं त्याच्या शेजाऱ्याकडे. असं थेट शेवटच्या घरापर्यंत. उगाच कशीही पिसली असती तर बरं झालं असतं. कोणाचं पत्र आहे हे कोणाला कळलंच नसतं. आता ज्याच्यापासून जे लपवायचं होतं, ते त्यालाच घरपोच गेलं होतं, आणि तेसुद्धा सवलतीच्या दरात.

"पण पाकीट गेलं कुठे?" तिने कपाळाला हात लावला.

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आई?"

"मी काढलं एक," सासूबाई म्हणाल्या. "सहा नंबरच्या गाणंवाल्या बाईंचं. बिचाऱ्या वारल्या. मेलेल्या माणसाला 'आपले पडदे वयात आले' असं लिहायचं, बरं दिसतं का ते? मी गुपचूप बाजूला केलं. तुम्हाला दोघांना कुठे कळतं असलं काही!"

"मग सांगायचं तरी!"

"तो उचल-दुमड-सरकव करत होता. मध्ये बोललं की ओरडतो."

दीर भिंतीपलीकडून आला आणि त्याने सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "माफीची कार्डं छापूया. कार्डाला पाकीट लागत नाही. दोनशे असतील तर..."

"भावजी," पडदेवाली म्हणाली, "पुन्हा दोनशे म्हणालात तर कात्री फेकून मारीन."

तिने दहा ऑर्डरींचा विचार तिथेच सोडून दिला. टेबल जातंय तर जाऊ दे. पण तिच्यावर विश्वास टाकलेली माणसं तिच्या अक्षरामुळे एकमेकांच्या नजरेतून उतरली, हे घेऊन तिला आठ फुटी खोलीतसुद्धा बसता आलं नसतं. तिने केस विंचरले, चांगली चप्पल घातली आणि निघाली. घरोघर. पायी.

पहिलं घर सोळा नंबर. दुहेरी जाळीवाल्या बाईंनी दार उघडलं तर आतून हसण्याचा आवाज येत होता. बँकवाल्या बाई तिच्या आधीच पोचल्या होत्या आणि त्यांच्या हातात चहाचा कप होता.

"या, या," जाळीवाल्या बाई म्हणाल्या. त्या लाजेने लाल झाल्या होत्या, पण मेल्या नव्हत्या. "ह्या विचारायला आल्या, आमच्याकडे कोण आजारी आहे म्हणून. मी म्हटलं, कोणी नाही हो, मला वाटलं तुम्ही बघता! आणि ह्या म्हणतात, मी बघत नव्हते, मला लांबचं दिसतच नाही!"

"आता दिसलं," बँकवाल्या बाई जड आवाजात म्हणाल्या. त्या जाळी बाजूला सारून बाहेर बघत होत्या. "नवा चष्मा आहे. बाई, ते समोर लोंबतंय ते माझंच घर का? ते विटकं, फोडणी करपल्यासारखं? माझे पडदे बाहेरून असे दिसतात?"

पडदेवालीने पाहिलं. दिसत होते खरे.

"गेली पाच वर्षं मी गल्लीला हे दाखवतेय? उद्या सकाळी माप घ्यायला या."

जाळीवाल्या बाईंनीही जाळी बदलायची ठरवली. एकेरी द्या म्हणाल्या, आता दुहेरीची काय गरज.

गल्लीभर हाच प्रकार. पत्र चुकीचं आलं म्हणून लोक ते परत करायला शेजारी गेले, कोणी भांडायला, कोणी डिवचायला, बरेचसे नुसती मजा बघायला. आणि तिथे बसले असताना खिडकीतून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपलंच घर शेजाऱ्याच्या बाजूने दिसलं. आपले पडदे आपण आतून बघतो. बाहेरून त्यांचं काय झालंय ते शेजारी बघतात आणि भिडेखातर बोलत नाहीत.

एका घरात मात्र दार अर्धंच उघडलं. 'पाहुण्यांना रेशीम वाटलं पाहिजे, पण रेशीम नको' असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांचं ते घर. तिथल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळ्यांना रेशीम म्हणून सांगितलं होतं मी," एवढंच म्हणाल्या. पडदेवालीनेही फार शब्द वापरले नाहीत. "चूक माझी आहे. तुमची ह्यात काही चूक नाही. रेशमाला ऊन सोसत नाही, सहा महिन्यांत चिरतं. तुमचं डोकं चाललं म्हणून तुमचे पडदे अजून टिकलेत." दार तसंच अर्धं राहिलं, पण आपटलं गेलं नाही. ती ऑर्डर आली नाही, आणि तिने ती मागितलीही नाही.

न्यायाधीशांनी तिला समोर उभंच ठेवलं.

"पत्र तुम्हीच लिहिलंत?"

"हो, साहेब."

"बदकांचा उल्लेख आवश्यक होता?"

"नव्हता, साहेब."

"त्यांचा रंगही लिहिलात. पिवळी."

"चुकलं, साहेब."

न्यायाधीशांनी उठून दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तेच कापड अजून मिळतं का? आमच्या बदकांच्या चोची गेल्यात धुऊन धुऊन."

संध्याकाळपर्यंत सहा ऑर्डरी झाल्या. पडदेवालीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवले.

पुढच्या आठवड्यात एक उंच, सडसडीत म्हातारी दुकानात शिरली आणि काठी आपटून म्हणाली, "सगळ्या गल्लीला पत्र आलं. मलाच नाही! मी काय मेले?"

सासूबाईंनी झटकन पुढ्यातलं कापड डोक्यावर ओढून घेतलं. त्या गाणंवाल्या बाई होत्या.

"आई," पडदेवाली शांतपणे म्हणाली, "तुम्हीच सांगा आता."

कापडाआडून बारीक आवाज आला. "मला वाटलं, तुम्ही गेलात. दीड वर्ष झालं, तुमच्याकडून गाण्याचा आवाज नाही की काही नाही."

"शिकवणं सोडलं मी! पोरं सूर सोडून सगळं लावायची!" गाणंवाल्या बाईंनी खुर्ची ओढली. "दीड वर्ष मेलेय होय मी? मग रडलात तरी का?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं हो. डॉक्टर म्हणाले होते, रडायचं नाही."

गाणंवाल्या बाई अशा हसल्या की दीर भिंतीपलीकडून बघायला आला. मग त्यांनी सासूबाईंना कापडातून ओढून बाहेर काढलं आणि तेच कापड बोटांनी चाचपून पाहिलं. "हे बरं आहे. ह्याचेच दोन द्या. जिवंत आहे हे गल्लीला दिसलं पाहिजे."

सात झाल्या. आठवी दंतवैद्यांची, न्यायाधीशांना बदकं आहेत तर आपल्या दवाखान्यातल्या मुलांच्या खोलीला का नको, म्हणून. नववी अग्निशमन केंद्राची. तिथला प्रमुख पत्राची व्यवस्थित घडी खिशात घालून आला होता.

"'रात्रपाळी करून येणाऱ्या माणसाला दिवसा काळोख लागतो. झोप मोडली की माणूस मोडतो,'" त्याने वाचलं. "बाई, वीस वर्षं आम्ही तिथे दिवसा तोंडावर टॉवेल टाकून झोपतो. आमच्याबद्दल असं कोणी लिहिलं नव्हतं. पोरांनी फळ्यावर लावलं होतं हे."

ते पत्र अग्निशमन केंद्राशेजारच्या पाववाल्यासाठी होतं. पडदेवालीने खरं काय ते सांगून टाकलं.

"असेल चुकून," प्रमुख म्हणाला. "पण आलं बरोबर. आठ खिडक्या आहेत."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी दीर आला. मागे गवंडी, त्याच्या हातात घण. पडदेवाली टेबलावर अग्निशमन केंद्राचं काळं कापड पसरत होती.

"किती झाल्या, वहिनी?"

खोटं बोलायला तिला वाव होता. आठ खिडक्यांच्या आठ ऑर्डरी म्हटल्या असत्या तरी चाललं असतं. दिराने वाद घातला असता, पण वादात ती त्याला हरली नव्हती कधी.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ," दीर म्हणाला. त्याने खिशातून माप घ्यायची टेप काढली, टेबलाच्या कडेला लावायला गेला, तर कापड मध्ये आलं.

"हे टोक धरा जरा," पडदेवाली म्हणाली. "ताणून. खाली सोडू नका. कापून झालं की घ्या तुमचं माप."

दिराने टेप तोंडात धरली आणि दोन्ही हातांनी टोक पकडलं. ती दुसऱ्या टोकाला गेली, पार दाराशी. कापड बारा फुटांवर ताणलं गेलं, दोरीसारखं सरळ. तिने खडूने एकच रेघ मारली आणि कात्री चालवत निघाली. मध्ये थांबली नाही, श्वास घेतला की नाही कोण जाणे. कात्री दिराच्या पोटाशी येऊन थांबली. वीस वर्षं शेजारी दुकान होतं, पण पडदा कापताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. कड पट्टीने आखल्यासारखी होती.

त्याने टेप तोंडातून काढली. "मागच्या खोलीत हे कसं केलं असतं तुम्ही?"

"केलं नसतं."

"म्हणजे?"

"अभ्रे शिवले असते. त्यालाही मागणी असते ना?"

तिने दुसरं कापड पसरलं. त्याने न सांगता टोक धरलं. तिसरं पसरलं, तेही धरलं. गवंडी दारात उभा राहून एकदा घणाकडे, एकदा घड्याळाकडे बघत होता.

"वहिनी," चौथ्या खिडकीला दीर म्हणाला, "एक ऑर्डर लिहून घ्या."

"कोणाची?"

"माझ्या दुकानाला पश्चिमेचं ऊन लागतं. डब्यांवरची लेबलं उडतात."

"कधीपासून?"

"आजपासून," दीर म्हणाला. त्याने मान दुसरीकडे वळवली. "साधं कापड. अस्तर नको. उगाच खर्च वाढवू नका."

पडदेवालीने खडू ठेवला, वही उघडली आणि दहावं पान लिहिलं. ह्या वेळी अक्षर वळणदार आलं. तिने ते तसंच राहू दिलं.

"साहेब," गवंडी शेवटी म्हणाला, "भिंत पाडायची का नाही? माझा दिवस चाललाय."

"पाडायची नाही," दीर टोक घट्ट धरून म्हणाला. "पण तुझी मजुरी मी देऊन बसलोय. ते बघ, वरच्या कोपऱ्यात पोपडे आलेत. तेवढे भरून टाक. आणि ह्या बाजूनेच भर, माझ्या बाजूने नको. तिकडे भरलं तर वर रंग लावावा लागेल, आणि रंग मला परवडायचा नाही."